परवानगीने सोडले

मागच्या ओळीतली माणसे त्यांना कुलूपराव म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'भाऊ' म्हणत. कुलूपरावांना ते ठाऊक होते, पण ते काही बोलत नसत. एकूणच ते कुणाच्या अध्यात नसत, मध्यात नसत.

वर्षातला एक दिवस सोडून. त्या दिवशी मात्र ते अगदी मध्यातच असत, खुर्ची टाकून.

त्याचे असे होते. एका भल्यामोठ्या मोकळ्या जागेच्या मालकांकडे ते कारकून होते. हुद्दा 'मिळकत व्यवस्थापक'. हाताखाली एक टेबल, एक कपाट आणि डावीकडे कललेली एक खुर्ची, एवढाच कर्मचारीवर्ग. जागेच्या एका अंगाला हमरस्ता होता. तिथे दवाखाना, शाळा आणि बसचा थांबा. दुसऱ्या अंगाला मागची ओळ, म्हणजे चाळीसेक घरे, आणि त्यातल्याच दोन खोल्यांत कुलूपराव आणि त्यांची बायको. जागेच्या मधून एक पायवाट गेली होती. वाटेने गेले तर रस्ता चार मिनिटांवर. वाट सोडून गेले तर गोदामांना वळसा घालून पस्तीस मिनिटे. माणसे अर्थातच वाटेने जात. कुलूपरावांची बायको दवाखान्यात आया होती, सकाळी सातची पाळी. तीही वाटेने जाई. जागा राखायला जाणारे खुद्द कुलूपरावही त्याच वाटेने जात.

आता कायद्याचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या जमिनीवरून माणसे वीस वर्षे न विचारता, हक्काने जात राहिली, तर ती त्यांची वहिवाट होते. मग खुद्द मालकालाही तिथे भिंत घालता येत नाही. परवानगी घेऊन गेली, तर मात्र शंभर वर्षे गेली तरी ती पाहुणीच. म्हणून मोठ्या मालकांच्या वकिलांनी तोड काढली: वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवा, म्हणजे उरलेले दिवस माणसे मालकांच्या मर्जीनेच जातात असे ठरेल. साखळी लावा, पाटी लावा, माणूस बसवा, वहीत नोंद करा. दिवस ठरला जानेवारीतला दुसरा मंगळवार. माणूस कोण, हे ठरवायला वकील लागला नाही.

पहिल्या वर्षी कुलूपराव पहाटे उठले. दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. वाटेवर साखळी लावली, पाटी टांगली, आणि खुर्चीत ताठ बसले. सातला दहा कमी असताना बायको डबा घेऊन आली.

"आज वाट बंद आहे," कुलूपराव म्हणाले.

"सरका," बायको म्हणाली.

कुलूपराव सरकले. आता घरच्या माणसाला सरकून वाट दिली म्हटल्यावर परक्याला कुठल्या तोंडाने अडवायचे? बायकोमागून इस्त्रीवाल्या मावशी आल्या. त्यांनी कपड्यांचे बोचके कुलूपरावांच्या मांडीवर ठेवले, लुगडे सावरून साखळी ओलांडली आणि पलीकडून "आण रे इकडे" म्हणून बोचके परत घेतले. निवृत्त मास्तर आले, त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, 'बंद'ऐवजी 'तात्पुरती बंद' हवे असे सुचवले आणि साखळीखालून गेले. संध्याकाळपर्यंत एकशे त्रेचाळीस माणसे गेली. कुलूपराव हाडाचे कारकून. त्यांनी प्रत्येकाची खूण केली आणि वहीत खडान्‌खडा लिहिले: 'वाट दिवसभर बंद ठेवली. बंद असताना १४३ जण गेले.'

मोठ्या मालकांनी वही पाहिली आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"नोंद, साहेब."

"ही नोंद आहे? ही तर कबुली आहे! एकशे त्रेचाळीस माणसं गेली, मग तुम्ही तिथे काय करत होतात?"

"बसलो होतो, साहेब."

"फाडा ते पान. आणि नीट लिहून आणा."

कुलूपरावांनी पान फाडले आणि विचार केला. माणसे गेली नाहीत, असे खोटे लिहिण्याचा त्यांचा पिंड नव्हता. आपले कुणी ऐकले नाही, हे खरे लिहिण्याची सोय नव्हती. मग त्यांनी नव्या पानावर लिहिले: 'वाट दिवसभर बंद ठेवली. अडचण लक्षात घेऊन १४३ जणांना परवानगीने सोडले.' वाचून त्यांना बरे वाटले. या वाक्यात एक व्यवस्थापक होता. तो हात वर करून माणसे थांबवत होता, त्यांची अडचण ऐकत होता, विचार करून मान हलवत होता. प्रत्यक्षात असा माणूस त्या खुर्चीत कधी बसला नव्हता, पण वहीत तो छान दिसत होता.

पुढे वर्षे गेली. वही पुन्हा कुणी उघडली नाही, तरी कुलूपराव दर जानेवारीत इमानाने ती भरत राहिले. 'एक महिला (ओळखीची), परवानगीने.' 'शाळेची मुले, अंदाजे तीस, परवानगीने.' एका वर्षी फर्निचरवाल्याचे दोन हमाल कपाट घेऊन आले. "भाऊ, जरा अंग चोरा," म्हणाले. कुलूपराव अंग चोरण्याचा विचार करेपर्यंत त्यांनी कपाट खाली ठेवले, कुलूपरावांना खुर्चीसकट उचलून कडेला ठेवले आणि कपाट घेऊन गेले. जाताना परत जागेवर ठेवायचे मात्र विसरले. वहीत नोंद आहे: 'एक कपाट, परवानगीने.'

बावीस जानेवाऱ्या गेल्या. गुडघे धरले. पाटीवरचा रंग उडाला. मोठे मालक गेले आणि धाकट्या मालकांनी ती सगळी जागा एका गोदाम कंपनीला द्यायचे ठरवले. वाटेवर भिंत येणार म्हटल्यावर मागची ओळ खडबडून जागी झाली. मास्तरांनी अर्ज लिहिला, चाळीस सह्या झाल्या, आणि प्रकरण जमीन खात्याच्या अधिकारीबाईंपुढे गेले.

त्या आठवड्यात वकिलांनी कुलूपरावांना मालकांच्या कचेरीत बोलावून घेतले. बावीस वर्षांपूर्वी काळ्या केसांनी ज्यांनी सल्ला दिला होता, तेच वकील, आता पांढऱ्या केसांनी वही उघडून बसले होते आणि त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

"बसा, बसा. अहो, तुम्ही काय करून ठेवलंयत, तुम्हाला कल्पना आहे?"

कुलूपराव घाबरले. "सगळं लिहिलंय, साहेब. एकही वर्ष चुकवलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी! मी फक्त बंद ठेवा म्हणालो होतो. तुम्ही परवानगी दिलीत! बावीस वर्षं, हजारो माणसं, आणि प्रत्येकापुढे 'परवानगीने'. परवानगीनं गेलेल्याची वहिवाट कुठली? भिंत उभी राहिली म्हणून समजा. तुम्ही फक्त बाईंसमोर उभं राहायचं आणि वहीत लिहिलंय ते खरं आहे, एवढंच म्हणायचं." मग वकिलांनी चहा मागवला. चहा दोन कप आला. बावीस वर्षांत त्या कचेरीत कुलूपरावांच्या वाट्याला आलेला हा पहिला कप.

धाकटे मालकही आत आले, कुलूपरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय ना? तोपर्यंत नव्या गोदामातही तुमचं टेबल राहील. काळजी करू नका."

काळजी करू नका म्हटल्यावर माणूस जी करतो, ती करत कुलूपराव घरी आले. बायको पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती. त्यांनी सगळे सांगितले.

"म्हणजे त्या वहीत मी पण आहे?" बायकोने विचारले.

"आहेस."

"काय म्हणून?"

"एक महिला. ओळखीची."

बायकोने पाय पाण्यात तसेच ठेवले. "आणि मी तुमची परवानगी घेतली?"

"वहीत घेतलीस."

"अहो, लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी कधी मीठ घालायला तुमची परवानगी घेतली नाही." ती हसली, पण थोडेच; हसायलाही अंगात त्राण लागते. "भिंत झाली तर सातच्या पाळीला मला सव्वासहाला निघायला लागेल. या पायांनी."

"माहीत आहे."

"मी काही सांगत नाही हो तुम्हाला. टेबल तुमचं आहे."

आणि तिने खरेच काही सांगितले नाही. कुलूपरावांना ते फार जड गेले. भांडली असती तर निदान तिच्यावर चिडता आले असते. खरे सांगावे तर टेबल जाते, खोटे सांगावे तर वाट जाते. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात खरे सांगायचे म्हणजे काय, हेही त्यांना कळत होते. बावीस वर्षे वहीत जपलेला तो हात वर करणारा व्यवस्थापक भरल्या सभेत खाली बसवायचा.

सुनावणीची खोली लहान होती आणि मागची ओळ मोठी. खुर्च्या नऊ, माणसे साठ. अधिकारीबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी रुमाल बाजूला ठेवून वही पुढे ओढली.

"या नोंदी तुमच्या हातच्या?"

"हो, मॅडम."

"'परवानगीने सोडले.' परवानगी कोण देत होतं?"

"मी."

वकिलांनी समाधानाने मान हलवली. मास्तरांनी डोक्याला हात लावला. इस्त्रीवाल्या मावशी मागून पुटपुटल्या, "मेल्यानं विकलं आपल्याला."

"माणसं परवानगी मागायला तुमच्याकडे येत?" बाईंनी विचारले.

पुढचे वाक्य कुलूपरावांनी रात्रभर दोन्ही प्रकारे पाठ केले होते, आणि आता दोन्ही आठवत नव्हती. त्यांचे गुडघे दुखत होते. साक्षीदाराला उभे राहून बोलावे लागे. ते खूप थकले होते. बायकोच्या पायांमुळे, टेबलामुळे आणि सगळ्यात जास्त त्या वहीतल्या रुबाबदार माणसामुळे, ज्याचे ओझे त्यांनी उगाच बावीस वर्षे वाहिले.

"नाही, मॅडम," ते म्हणाले.

"किती जणांनी मागितली?"

"एकानंही नाही."

"मग तुम्ही दिलीत कशी?"

"लिहून. संध्याकाळी."

"म्हणजे माणूस निघून गेल्यावर परवानगी?"

"गेलेल्याला नाही म्हणता येत नाही ना, मॅडम."

खोलीत हशा पिकला. वकील ताडकन उठले. "मॅडम, साक्षीदार गोंधळलेत. अहो, तुमच्याकडे साखळी होती, पाटी होती. मनात आणलं असतं तर तुम्ही त्यांना अडवू शकला असता. बरोबर?"

"मी?" कुलूपरावांनी इतक्या प्रामाणिक आश्चर्याने विचारले, की बाईंना रुमाल उचलावा लागला. "साहेब, त्या मावशी बोचकं माझ्या मांडीवर ठेवून साखळी ओलांडायच्या. दर वर्षी. मास्तर पाटीतल्या चुका काढून जायचे. मला एकदा खुर्चीसकट उचलून ठेवलं, कपाट जायचं होतं म्हणून. माझी बायको 'सरका' म्हणायची, मी सरकायचो. बावीस वर्षांत तिथे माझं कुणी ऐकलं नाही. एकाही माणसानं नाही. परवानगी वगैरे मी आपली माझ्या समाधानासाठी लिहायचो."

हशा सुरू झाला होता तो मध्येच कुठेतरी विरला. साठ माणसे एकदम खाली बघू लागली. कपाटवाल्यांपैकी एक हमाल तिथे होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंनी टंकलेखकाला मजकूर सांगितला आणि तो वाचून दाखवायला लावला: "'सदर दिवशी साक्षीदाराने केलेल्या मनाईकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी सातत्याने व संपूर्ण दुर्लक्ष केले. साक्षीदाराचे म्हणणे कोणीही कधीही मानले नाही.' बरोबर आहे? तसं असेल तर सही करा."

कुलूपरावांनी चष्मा लावून दोनदा वाचले. कारकून म्हणून त्यांना वाक्य निर्दोष वाटले. त्यांनी सही केली. धाकटे मालक दारातून जाताना एवढेच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." दीड महिन्याने निकाल आला: वाट ही मागच्या ओळीची वहिवाट असून तिच्यावर भिंत घालता येणार नाही.

निकाल आला त्या संध्याकाळी मागची ओळ त्या दोन खोल्यांत मावेल तेवढी मावली, उरलेली दारात उभी राहिली. मावशींनी कुलूपरावांचे सगळे शर्ट न विचारता उचलले, फुकट इस्त्रीला. "मेल्यानं विकलं म्हणाले मी तुला, भाऊ. मनात धरू नकोस."

"नाही धरत. पण आता निघा सगळे," कुलूपराव म्हणाले. नोकरी सुटल्यापासून नवे काम शोधत ते दिवसदिवसभर उन्हात फिरत होते. "खूप दमलोय. मला पडायचंय जरा."

"अर्थात, अर्थात," मास्तर म्हणाले आणि खिशातून चार पानी भाषण काढले. "फक्त दोन शब्द बोलतो."

"मास्तर, उद्या बोला ना."

"बंधूंनो आणि भगिनींनो," मास्तर म्हणाले.

कुलूपरावांनी बायकोकडे पाहिले. बायकोने पलंगावर बसलेल्या दोघांना "सरका" म्हटले, ते सरकले. कुलूपराव भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मास्तर त्यांच्या धैर्याविषयी बोलत होते, ते दुसऱ्या पानावर आले तेव्हा कुलूपराव घोरू लागले होते, आणि बायको त्यांच्या अंगावर चादर घालत होती.