थंडीत कापलंस तर याद राख

मामाला जाऊन महिना नव्हता झाला आणि मामीचा दीर शिडी लावून झाडावर चढला. हातात करवत.

मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जन्मभर लोकांच्या काचा घासल्या, स्वतःच्या चष्म्याची दांडी मात्र दोऱ्यानं बांधलेली. नाद एकच, दारातलं मॅग्नोलियाचं फुलझाड. काडीएवढं आणून लावलेलं. मुळं वरवर असतात म्हणून बुंध्याशी कुणाला खुरपं लावू द्यायचा नाही, नुसता वाळका पाला पसरायचा. एका थंडीत त्यानंच हौसेनं शेंडे छाटले, तर वसंतात एक फूल नाही. मग कळलं, ह्याच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यातच धरतात. छाटायचं ते फुलं गळाल्या गळाल्या, नंतर हात लावायचा नाही. तेव्हा त्यानं दाराच्या आतून खडूनं लिहिलं, "थंडीत कापलंस तर याद राख." धमकी स्वतःलाच.

यंदा थंडीत पानं सगळी गळाली, पण झाड कळ्यांनी लगडलेलं. हॉस्पिटलात मामीला रोज विचारायचा, "किती झाल्या गं?"

"मोजायला तुमचं भिंग लागेल."

"मग ने ना मला घरी."

न्यायचं राहूनच गेलं.

मामी आत त्याचे शर्ट घडी करत होती. धपकन आवाज आला म्हणून बाहेर आली, तर अर्धं झाड जमिनीवर.

"वहिनी, जरा साफसूफ केलं. नुसता खराटा झालेला. पान नाही की काही नाही."

"भाऊजी, खाली उतरा."

"अहो, आकार देतोय."

"उतरा म्हणते ना. भाऊ आजारी होता तेव्हा अकरा महिने फिरकला नाहीत, आणि आज आकार सुचतोय? दारामागं काय लिहिलंय ते वाचून या. चष्मा हवा तर देते, घरात ढीग पडलाय."

तो वाचून आला. "मला काय माहीत."

"तेच तर. तुम्हाला काय माहीत."

तिनं करवत काढून घेतली, शर्टांच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं. मग मामाचं भिंग आणून त्याच्या हातात ठेवलं.

"पाडलेल्या कळ्या मोजा."

"वहिनी, असं काय करता."

"बसा खाली आणि मोजा."

बसला. जेवायची वेळ टळली तरी मामीनं आत बोलावलं नाही. शेवटी तो म्हणाला, "दोनशे बारा."

मामीनं भिंग घेतलं, पदरानं पुसलं आणि शिडीवर चढली. झाडावर उरलेल्या ती स्वतः मोजणार होती. कुणीतरी रोज विचारत होतं, त्याला आकडा सांगायचा राहिला होता.