दुपट्ट्याखालचा हात

माझ्या चार पाटल्या सोमवारी काढायच्या ठरल्या होत्या आणि रविवारी आम्ही अकोल्याला बोलपट पाहायला गेलो.

दोन्ही गोष्टी ह्यांनीच ठरवल्या. हे अमरावतीच्या कापूस बाजारात दलाल होते. लोकांचा कापूस लोकांना विकून देत, त्यात घर नीट चालत होतं. पण त्या हंगामात अकोल्याचा त्यांचा मित्र सट्ट्यावर मोटारवाला झाला. सट्ट्यात कापूस आणावा लागत नाही, नुसता पुढचा भाव बोलतात. ह्यांना ते फार सोयीचं वाटलं. भांडवल म्हणून माझ्या आईनं मला घातलेल्या पाटल्या होत्या. मला विचारलंही. मी खाली मान घालून उभी राहिले, तो त्यांनी होकार धरला. त्यात त्यांची चूक नव्हती. लग्नापासून मी प्रत्येक होकार तसाच दिला होता.

पाटल्या मनगटात इतक्या घट्ट बसल्या होत्या की साबणाशिवाय निघाल्या नसत्या. म्हणून त्यांनी गुलाबाच्या वासाचा साबण आणून न्हाणीत ठेवला. आमच्या घरी तोवर अंगाला डाळीचं पीठ लावत.

बोलपटाचं मित्रानंच सुचवलं. "वयनीलेबी आन. सट्टा काय चीज हाय ते पाहू दे तिले," असं तो म्हणाला.

बायकांची बसायची बाजू वेगळी होती आणि मध्ये कापडी पडदा होता. अंधार झाला की एक बाई येऊन तो सरकवायची, उजेड झाला की पुन्हा ओढायची. माझ्या शेजारी बाळापूरची एक म्हातारी बसली होती. तिला गप्प बसता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमलं.

गोष्ट एका कारकुनाची होती. तो सट्टा खेळतो आणि शेठ होतो. मग बंगला, मोटार, बंगल्याच्या आत कारंजं. त्याचं कुत्रं चांदीच्या ताटलीत पेढे खातं.

"अवं माय! कुत्रं पेढे खाऊन राह्यलं," म्हातारी म्हणाली, "अन् आमच्या जावयाले बुंदी पुरली नाई." थोड्या वेळानं म्हणाली, "घरात कारंजं! मंग पुसते कोन वं?"

पुढे शेठ एका व्यापाऱ्यासमोर बसला. दोघांनी एका शालीखाली हात घातले आणि दोघेही भलतीकडेच बघू लागले.

"हे काय करून राह्यले?"

"भाव करून राह्यले," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं ते पहिलं वाक्य.

हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या बाजारात कापसाचा सौदा असाच होई. दलाल दुपट्टा पुढे करतो, त्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात, बाकीच्यांना काही कळत नाही. जो आधी हात काढून घेईल त्यानं सौदा मोडला. मग मालाच्या मालकानं स्वतः बोलावल्याशिवाय त्या मालासाठी पुन्हा हात पुढे करायचा नाही. पावसाळ्यात बाजार थंडावला की बोटं विसरू नयेत म्हणून हे घरी माझ्याशी सौदे करत. मी तूरही विकली आहे आणि एकदा बैलजोडीही. माझा हात त्यांनी धरला असेल तर बहुतेक असाच.

मध्यंतरात हे मित्राबरोबर चहाला गेले. अंधार झाला, पडदा सरकला, पण त्या दोघांच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

तेवढ्या वेळात भाव उलटला. शेठनं खोट्या सह्या केल्या, भागीदाराला विष घातलं आणि बायकोच्या अंगावरचं सगळं काढून नेलं. ती मोकळे हात मांडीवर ठेवून बसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"झाक वं ते," म्हणाली.

मी पदर ओढून घेतला.

परतीच्या गाडीत हे खुशीत होते. "कारंजं पाह्यलं ना? दोन वर्सात, बरं का! मांगचा भाग राह्यला आमचा. त्यात काय, गानेच असतीन."

डबा भरलेला होता. लोकांत सोन्याचं बोलायचं नाही, म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. माझी चार बोटं दाबली आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

तोंडानं मला नाही म्हणता आलं नसतं. बोटांना मात्र सवय होती. मी त्यांचं एक बोट दाबलं.

त्यांनी तीन दाबली. मी एक. त्यांनी दोन दाबली आणि जोरानं दाबून धरली, दलाल शेवटचा आकडा सांगताना दाबतात तशी.

मी हात काढून घेतला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुपट्टा झटकला आणि खांद्यावर टाकला. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या शेठचं काय झालं मंग?"

"फाशी."

"कावून?"

"भागीदाराले मारलं."

"अन् मोटार?"

"लिलाव झाला."

गाडी सुटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अन् कुत्रं?"

"ते नाई दाखवलं."

बडनेऱ्याला गाडी बदलली. तिथून अमरावतीपर्यंत मी त्यांना राहिलेला भाग सगळा सांगितला, बायकोच्या मोकळ्या हातांसकट. त्यांच्याशी एका वेळी इतकं मी आधी कधी बोलले नव्हते.

सोमवारी सकाळी साबण न्हाणीत तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि पीठ मागितलं. मी पीठ दिलं. बाजाराची रीत त्यांनी कधी मोडली नव्हती आणि मी तर त्यांना बोलावणार नव्हते.

साबण वाया जाऊ नये म्हणून त्यानं मी त्यांचे दोन्ही दुपट्टे धुतले. पुढे चार दिवस बाजारात जो कोणी दुपट्ट्याखाली हात घाली, तो आधी वाकून दुपट्टा हुंगी आणि मग भाव सांगी. हे त्यांनीच मला सांगितलं. हसले नाहीत.