वनिताच्या पोटातली आई

मुंबईहून फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या शाळेत आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, घरचा फोन हाय," आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. पलीकडून भास्करराव, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, एवढंच बोलले, "ताई, वनिता गेली… आयेला कसं सांगायचं ते आता तुमीच बघा." आई माझ्याकडेच राहते. मी घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात डाव्या कुशीवर गेला. तिथलं तिचं एक मूत्रपिंड काढून वनिताला बसवलं होतं. "माझंबी गेलं गो तिच्यासंगं," ती म्हणाली. महिना उलटून गेलाय, म्हणून आज खरं ते लिहिते. रडू यायच्या आधी मला वनिताचा हेवा वाटला. जातानाही आईचा तुकडा तिच्या सोबत होता… मी नुसती आईसमोर उभी होते.

हा हेवा लहानपणापासूनचा. मला दमा. भाताची झोडणी सुरू झाली, खळ्यावर धूळ उडू लागली की माझी छाती वाजायला लागायची आणि मला घरात कोंडून ठेवायचे. खिडकीतून मला वनिता दिसायची. माझ्याहून लहान, पण डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन बांधावरून धावत जायची. तिला कधी ताप नाही, खोकला नाही. चिखलात अनवाणी, पावसात उघडी, मिळेल ते पाणी प्यायची आणि पुन्हा ताजीतवानी. लोक म्हणायचे, "थोरलीच्या वाटणीची ताकद धाकटीनं घेतली." मला ते अगदी खरं वाटायचं. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. दमा म्हणजे शरीराच्या रखवालदारानं निरुपद्रवी धुळीलाही चोर समजून गोंधळ घालणं, असं मुलांना हसत हसत समजावू लागले. पण माझाच रखवालदार असा खुळा का, आणि तिचा शहाणा का, याचं उत्तर काही मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

वनिताला शहापूर तालुक्यात, शेणव्याला दिलं. तिथंही ती तशीच. लावणीच्या दिवसांत दोन बायांचं काम एकटी उरकायची आणि वर जोरजोरात हसायची. तिशी ओलांडल्यावर तिचे पाय संध्याकाळी सुजू लागले, अंगाला खाज येऊ लागली, अन्नावरची वासना उडाली. "दगदग झाली, दुसरं काय नाय," म्हणत तिनं वर्ष काढलं. गावात तपासणीचं शिबिर आलं तेव्हा कुणीतरी तिचा रक्तदाब पाहिला आणि तिला तडक मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली आहेत. रक्तदाबानं ती बिघडली की ती बिघडल्यानं रक्तदाब वाढला, हे आता सांगता येणार नाही. मी विचारलं, "इतकी वर्षं कळलं कसं नाही?" ते म्हणाले, "बाई, शरीर सांभाळून घेतं. एक भाग थकला की उरलेला त्याचं काम ओढतो. धडधाकट माणसाचं तर फारच सांभाळून घेतं." म्हणजे ज्या ताकदीवर मी आयुष्यभर जळले, तिनंच तिचा आजार झाकून ठेवला होता. माझी छाती निदान वाजायची तरी. तिच्या आत सगळं मुकाट चाललेलं.

मग डायलिसिस सुरू झालं. सुक्या जवळ्यावाचून घास न उतरणाऱ्या माझ्या बहिणीचं मीठ तोडलं, पाणीसुद्धा मोजून. ओठ सुकले की ती बर्फाचा खडा चोखायची. एकदा तिच्या खाटेशी बसले असताना ती अचानक म्हणाली, "ताई, तुला दमा लागायचा ना, तेव्हा आये तुझ्या उशाशी बसायची. तुला आल्याचा काढा, तुझ्या छातीला गरम तेल. मी दारातून बघायची. वाटायचं, आपल्याला पन कायतरी व्हावं." आणि हसली. "झालं बघ." माझ्यावरही कुणी जळत होतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

मूत्रपिंड द्यायला मी पुढे झाले. रक्तगट जुळला. मला मनातून आनंद झाला, कारण आता तिच्यात माझं काहीतरी राहणार होतं. पण पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांनी मान हलवली. वर्षानुवर्षं दम्याच्या गोळ्या घेतलेल्या, फुफ्फुसांना भूल झेपणार नाही. तेवढ्यात आई म्हणाली, "माझं घ्या. तिला पयलं पन मीच केली ना?" साठीच्या आसपासची बाई, पण तपासणीत सगळं ठणठणीत निघालं. शस्त्रक्रियेनंतर त्या मूत्रपिंडानं लगेच काम सुरू केलं. पहिल्यांदा लघवीची पिशवी भरली तेव्हा वनितानं वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगितलं, "आयेनं नळ सोडला गो!" शेजारच्या खाटांवरचे पेशंटही हसले. मीही हसले, आणि बाहेर येऊन जिन्यात एकटी बसले.

त्यानंतरची सात-आठ वर्षं त्या दोघींची होती. एकीचा व्रण कुशीत, दुसरीचा ओटीपोटाशी. वनिता पोटावर हात ठेवून म्हणायची, "आये हितं हाय." आईला साधी सर्दी झाली तरी शेणव्याहून फोन, "सांभाळ गो, तू दोन जागी ऱ्हातीस." मात्र परकं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून तिला रोज गोळ्या खाव्या लागत. माझा रखवालदार उगाच आरडाओरडा करणारा, तर तिच्या शहाण्या रखवालदाराला औषधानं झोपवून ठेवलेलं. लग्नकार्यात ती तोंडाला रुमाल बांधून लांब बसायची. शेवटी व्हायचं ते झालं. साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि पाहता पाहता दोन्ही फुफ्फुसं भरली.

मी भेटायला गेले तेव्हा तिचा श्वास पुरत नव्हता. खांदे वर उचलत, मान ताणत ती हवा ओढत होती. तो श्वास माझ्या ओळखीचा होता, माझा होता. खोटं कशाला सांगू, तेव्हाही मनात आलं, हेसुद्धा हिनंच घेतलं का? पण मग मी खाटेवर तिच्या समोर बसले. तिच्या मांडीवर उशी दिली, तिला पुढे वाकवलं आणि म्हटलं, "शीळ घालतात तसे ओठ कर. घाई करू नको. आधी सोड… हळूच सोड… मग घे." ती माझ्या डोळ्यांत बघत माझ्याबरोबर श्वास घेऊ लागली. थोड्या वेळानं तुटक तुटक म्हणाली, "असा… त्रास… हुता तुला?" मी मान हलवली. तिनं माझा हात घट्ट धरला. तिला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं आणि ते तिनं घेतलं.

गेल्या आठवड्यात आईला तपासणीसाठी कल्याणला नेलं. सोनोग्राफी पाहून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "आजी, उरलेलं मूत्रपिंड चांगलं मोठं झालंय, दोघांचं काम एकटं करतंय." आईनं ते नीट ऐकून घेतलं. मग पदर सावरत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "डॉक्टर, ही माझी थोरली. हिला दमा हाय. माझं फुफ्फुस चालंल का हिला?" डॉक्टर गडबडले. "तसं देता येत नाही, आजी." आईनं लगेच विचारलं, "मंग अर्धं?" ते हसून नाही म्हणाले. "थोडकं तरी?"

परतीच्या एसटीत आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी खिडकीतून मुरबाडच्या रस्त्याकडे पाहत होते आणि मला एकच वाटत होतं, हे आत्ताच्या आत्ता वनिताला सांगायला हवं. तिनं ऐकावं, आणि जळून खाक व्हावं.