मिश्री लावतात, खात नाहीत

आमच्याकडे पुरुष तंबाखू खातात आणि बायका मिश्री लावतात. खाणं हे व्यसन. लावणं म्हणजे कुंकू लावल्यासारखं, तेल लावल्यासारखं. ते व्यसनात धरत नाहीत. वस्तू एकच. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून चाळायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका लागतो. डबीत गेली की मात्र ती दात घासायची पूड होते.

माझ्या थोरल्या बहिणीला मी आक्का म्हणायचो. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. लग्नानंतर सासूनं तिला मिश्रीची सवय लावली. सकाळी, दुपारची भांडी आवरल्यावर आणि झोपण्याआधी ती तर्जनीनं मिश्री लावायची आणि चिमूटभर डाव्या गालात तशीच राहू द्यायची. त्याच जागी चट्टा उठला. तोंड आलंय, उष्णता झालीय, असं म्हणून सगळ्यांनी तूप लावायला सांगितलं. दुखू लागल्यावर तिनं तिथंच आणखी मिश्री दाबली, कारण मिश्रीनं ती जागा बधिर व्हायची.

घास जाईल एवढंही तोंड उघडेना, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मी रिपोर्ट आणायला खाली गेलो होतो, तेवढ्यात डॉक्टरांचे प्रश्न विचारून झाले. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, छाती काढून बाहेर आले.

"डॉक्टर इचारतोय, बाई तंबाखू खातात का. मी तोंडावर सांगितलं, आमच्या घरातल्या बायका तसल्या न्हाईत."

"आणि मिश्री?"

"ती दात घासायला लावती की. ती काय तंबाखू हाय व्हय?"

"मग काय बेसन आहे का, दाजी?"

"तुला प्रत्येकात खोट काढायची सवयच हाय."

हे बोलताना ते तळहातावर चुना-तंबाखू मळत होते.

मी परत आत गेलो. डॉक्टर तरुण होते, उत्तरेकडचे, मराठी शिकत होते. मिश्रीचं नाव काढताच ते म्हणाले, "हो, त्या बोलल्या. मिश्री तेवढी, म्हणाल्या. मी सांगितलं, गोड कमी करा."

त्यांच्या भाषेत मिश्री म्हणजे खडीसाखर. दुखऱ्या तोंडानं आक्का खरं बोलली होती आणि तिला साखर कमी करायचा सल्ला मिळाला होता. मी त्यांना तवा, भाजणं, कुटणं सगळं सांगितलं. मग त्यांनी कागद ओढून मला पेशी काढून दाखवल्या. गालाच्या आतल्या पेशी सतत झिजतात, नव्या होतात. नवी पेशी करताना जुनीची नक्कल उतरते आणि नकलेत चुका होतात. शरीर बहुतेक चुका दुरुस्त करतं. तंबाखूतलं विष रोज त्याच जागी पडलं की चुका वाढत जातात. त्यातली एखादी चूक नेमकी वाढ थांबवणाऱ्या सूचनेवरच होते, दुसरी दुरुस्तीच्या यंत्रणेवर. मग ती पेशी थांबत नाही. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं लागतात. म्हणून ज्या दिवशी गाठ दिसते त्या दिवशी कोणाला जुनं कारण आठवत नाही.

दाजींना मी घरी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आमची आई म्हातारी होऊन मेली, शेवटच्या दिसापर्यंत मिश्री लावून. तिला का न्हाय झालं? मला का न्हाय झालं?"

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतो. खराब माल किती निघतो याचा हिशेब हेच माझं काम. मी म्हणालो, "दाजी, मागात दोष असला म्हणून त्यावरचा प्रत्येक टॉवेल खराब निघत नाही. पुष्कळ चांगले निघतात. पण इतर मागांपेक्षा खराब जास्त निघायला लागले की आम्ही तो माग थांबवतो. चांगला टॉवेल हातात धरून माग बरा आहे म्हणत नाही."

"बाईमाणसाला टॉवेल म्हणतोस?" दाजी म्हणाले, आणि बोलणं तिथंच संपलं.

खरं तर एवढंच आहे. जे वाचतात ते ओट्यावर बसून वाद घालतात. जे मेले ते उलट साक्ष द्यायला येत नाहीत.

ऑपरेशन करून आक्काचा कॅन्सर झालेला गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. पुढच्या तपासणीला दाजी आणि मी होतोच, तिची सूनही सोबत होती. आता डॉक्टरांना शब्द पक्का कळला होता. त्यांनी सुनेला सरळ विचारलं, "तुम्ही मिश्री लावता?"

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. "न्हाय."

आक्काला बोलता येत नव्हतं. तिनं तर्जनी उचलली, स्वतःच्या उरलेल्या दातांवरून घासून दाखवली आणि तेच बोट सुनेकडे केलं. सून रडायला लागली. डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं. गालात पांढरा चट्टा होता. हा कॅन्सर नाही, ते म्हणाले, पण पुढं होऊ शकतो. आज सोडलंत तर चट्टा जायची आशा आहे. लावत राहिलात तर मला काही सांगता येणार नाही.

रिक्षात दाजी आक्कावर खेकसले, "भरल्या दवाखान्यात सुनंची अब्रू घालवलीस." आक्का पदरानं लाळ पुसत राहिली.

ती होती तोवर सुनेनं मिश्रीला हात लावला नाही. आक्का समोर बसून राखण करायची. मग तिच्या मानेत गाठी आल्या आणि ती गेली.

तेराव्याला तिच्या आवडीचं ताट वाढलं. पुरणपोळी, शेंगाचटणी, कडक भाकरी. दाजींनी आतून मिश्रीची डबी आणून ताटाच्या कडेला ठेवली.

"दाजी, ती उचला."

"जल्मभर आवडीनं लावली तिनं. आजच्या दिवशी तरी वाकडं बोलू नको."

सगळे माझ्याकडेच बघत होते, डबीकडे नाही. ताट आवरताना सुनेनं डबी उचलली. "टाकून देते, मामा," ती मी न विचारताच म्हणाली. टाकताना मी पाहिलं नाही.

आता तिकडे गेलो की चहा घेताना मी आधी तिचं बोट बघतो. गेल्या रविवारी ते काळं होतं.

"हे काय गं?"

"तवा घासत होते, मामा."

"आणि जिना चढताना मला ठसका कशाचा लागला?"

तिनं बोट पदराला पुसलं. दाजींनी पेपरातून मान वर केली.

"मिरच्या भाजल्यात की," ते म्हणाले.