रतिराम काकाजींची मिशी

करडी गावातले आमचे शेजारी रतिराम काकाजी मिशीला पीळ दिल्याशिवाय कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नसत. "चहा घेता का?" यालाही आधी डावा पीळ, मग उजवा, मग "आन." दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरे; तिच्या नाटकात दरवर्षी दुष्ट पाटील तेच, आणि मिशी घरची, याचा त्यांना कोण अभिमान!

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचल्यावर डॉक्टरांनी हार्मोन बंद करणारे इंजेक्शन सुरू केले. भर पौषात काकाजींच्या अंगातून वाफा निघू लागल्या. सगळे शेकोटीला बसलेले, आणि हे सुपाने वारा घेताहेत.

"मले असं होत होतं तवा हासत होते," काकू म्हणाल्या. "घ्या आता हवा!"

पुढे आजार इंजेक्शनलाही जुमानेना. डॉक्टरांनी केमो सांगितली. मी सोबत होतो. काकाजींनी पीळ दिला. "हार्मोन तं बंद केला ना? मंग हे कायले?"

"थोडा उरतोच," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरची पेशी तेवढाही पकडते आणि आतल्या बारीक धाग्यांवरून त्याचा निरोप आपल्या केंद्रापर्यंत नेते. हे औषध ते धागे जखडून टाकते. निरोपही अडतो, पेशीची वाढही."

काकाजी जन्मभर गावच्या तलावाचे पाणी वाटणारे. "समजलं. तलावाचं दार बंद हाय, पन झिरपा पाटानं जाऊनच राहिला. आता पाटच बुजवता!" डॉक्टर खूश झाले. पण केसही जातात हे कळताच काकाजी उठून उभे. "मिशी गेली तं पाटील कोन होईन? नाही पाह्यजे मले!"

काकूंनी हात धरून खाली बसवले. "मिशी चिकटवता येते. मानूस नाही चिकटवता येत."

मिशी गेली. मंडईत ते डिंकाने मिशी चिकटवून उभे राहिले. नायकाची शेतजमीन बळकावण्याच्या ऐन धमकीच्या वाक्याला वाफ आली, घाम फुटला आणि मिशी घसरून हनुवटीवर आली. काकाजींनी ती उपटून नायकाच्या हातात कोंबली. "हे घे, पन वावर सोड!" लोकांनी तो प्रवेश दोनदा करायला लावला.

औषधाने आणखी दोन मंडया दिल्या. काकाजी गेले त्या सकाळी मी लहान पोरासारखा रडलो. शेवटच्या केमोत मिशी पुन्हा झडली होती. काकूंनी पेटीतून नाटकाची मिशी काढली आणि डिंक लावून नीट बसवली.

"हे असेच गेले तं वरचे वळखनार नाहीत," त्या म्हणाल्या, आणि आधी डावा पीळ दिला, मग उजवा.