बाविसाव्या ओळीतलं नाव

बंगळुरात बनशंकरीला राहणाऱ्या अहल्याक्काचा जगातल्या बहुतेक प्रोग्रॅमरांवर राग होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. आता एका फुकट, खुल्या संगणक प्रणालीसाठी ती बिनपगारी पॅकेजं बांधायची. म्हणजे काय, तर पोरं कोडच्या ज्या लायब्रऱ्या लिहून इंटरनेटवर भिरकावतात, त्या उचलायच्या, झाडायच्या, पुसायच्या, कुणाच्याही संगणकावर मुकाट बसतील अशा करायच्या. शिवाय कुठली फाइल कुणाची आणि ती वाटायची परवानगी कुणी दिली, ते हक्कांच्या फाइलीत ओळीनं मांडायचं. ही फाइल जगात कुणी वाचत नाही. अक्का ती सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखी करी.

यंदा तिनं हातात घेतली होती कन्नड मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी पायथन या संगणकभाषेतली लायब्ररी. वाट पाहणारा होता दोन गल्ल्यांपलीकडचा पद्मनाभ. तो स्वतः अंध, आणि अंध मुलांच्या शाळेत कन्नड शिकवायचा. शाळेच्या संगणकांवर हीच प्रणाली होती आणि तिच्या संग्रहात नसलेलं काही चढवायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत भर घालणं रविवारी बंद होणार होतं. मग दोन वर्षं आत काही जाणार नव्हतं.

"दोन वर्षांत माझी दहावीची पोरं शाळा सोडून जातील, अक्का," पद्मनाभ म्हणाला होता.

घोडं अडलं एका फोल्डरपाशी. कोडची परवानगी होती. पण ज्या आवाजाचे तुकडे जोडून ही लायब्ररी बोलायची, त्या अकराशे क्लिपांवर ना नाव, ना परवानगी. लायब्ररी काढणाऱ्या कंपनीला अक्कानं तीन मेल पाठवल्या. एकीचंही उत्तर आलं नाही. गुरुवारी ती दोन बस बदलून मारतहळ्ळीला कंपनीच्या ऑफिसात जाऊन धडकली.

लायब्ररी लिहिणारा देवव्रत भेटला. मूळचा पुण्याचा, बंगळुरात नऊ वर्षं. छातीवर 'ओपन सोर्स' लिहिलेला टी-शर्ट.

"काकू, तुम्ही मराठी? वॉव. बोला ना."

"त्या क्लिपांतला आवाज कुणाचा?"

"आमचाच की. कंपनीचा."

"कंपनीला घसा असतो होय?"

देवव्रत हसला. "अहो काकू, नेटवर टाकलंय म्हणजे ओपनच ना. एवढं कोण बघतं?"

"मी बघते."

त्यानं मग फोल्डर उघडून पाहिलं. फाइलींची नावं कन्नडमध्ये होती. ती त्याला वाचता येईनात. "कन्नड आपलं स्वल्प येतं, ऑटोवाल्यापुरतं," तो म्हणाला, आणि लाजलासुद्धा नाही. कन्नड आवाज विकून पोट भरणारा माणूस, आणि अक्षर ओळखत नाही. अक्कानं त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि आलेली कॉफी तशीच ठेवून उठली.

शुक्रवारी मेल आली. कंपनीची काही हरकत नाही, मात्र आवाज देणाऱ्याची नोंद आमच्याकडे नाही, तेव्हा त्याची परवानगी आपली आपण मिळवावी. वा रे शहाणे. सव्वा कोटीच्या गावात अक्कानं दारोदार घसे तपासत हिंडायचं.

शनिवारी सकाळी लॅपटॉप काखेत मारून ती पद्मनाभकडे गेली. काम होत नाही, हे फोनवर सांगायला तिची जीभ रेटेना.

त्यानं ऐकून घेतलं. "निदान ऐकवा तरी, कसा वाचतो ते."

आता खरं सांगायचं तर अक्कानं क्लिपा मोजल्या होत्या, ऐकल्या नव्हत्या. तिनं पहिल्या चार लावल्या. मने. मर. मळे. मगु. घर, झाड, पाऊस, मूल.

पद्मनाभनं नाक मुरडलं. "कोण हो हा? नुसती मास्तरकी. आणि नाकात बोलतोय."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. तिनं क्लिपा पुन्हा लावल्या.

"पद्मनाभ, हा तू आहेस."

त्यानं पहिली क्लिप आणखी एकदा लावायला सांगितली. मग त्याला आठवलं. पाच वर्षांपूर्वी कुणी दोघं शाळेत आले होते. मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारं काही करतोय सर, म्हणून दोन दिवस त्याला स्टुडिओच्या काचेच्या खोलीत बसवून शब्द वाचून घेतले आणि एक कापडी पिशवी देऊन गेले. पुढे वर्षभर तो त्यांना फोन करत होता, कधी येणार म्हणून.

"मला वाटलं, जमलं नसेल त्यांना," तो म्हणाला.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचा घसा नेला, त्यालाच पाच वर्षं ताटकळत ठेवलं, आणि एक नाव टाइप करायला यांच्या बोटांना कळ आली. स्वतःचाही तिला रागच आला. एक क्लिप आधी ऐकली असती तर मारतहळ्ळीची ती खेप वाचली असती.

पद्मनाभनं परवानगीची एक ओळ टाइप केली, दोनदा तपासली आणि पाठवली. "सरी, ठीक आहे, अक्का. चढवा आता."

रविवारी दुपारी पॅकेज संग्रहात गेलं.

महिन्याभरानं देवव्रतची मेल आली. कंपनी समारंभ करतेय, 'आमच्या आवाजा'चा स्टेजवर सत्कार करायचाय, तरी काकू, त्या व्यक्तीचं नाव प्लीज पाठवा. अक्कानं लगेच उत्तर दिलं.

"नाव पॅकेजातल्या हक्कांच्या फाइलीत आहे, बाविसावी ओळ. कन्नडमध्ये लिहिलंय. वाचता येत नसेल तर पॅकेज बसवून घे. तो स्वतःच वाचून दाखवील."