नऊ पिनांची केबल

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका वजनकाट्यावर मी गेली चौदा वर्षं बसते. ट्रक काट्यावर चढतो, केबिनमधल्या डब्यावर लाल आकडे येतात, ते केबलमधून कॉम्प्युटरवर जातात आणि प्रिंटर पावती काढतो. दिवसभरात माझ्या तोंडून दोन-तीनच वाक्यं निघतात. गाडी थोडी पुढे. इंजिन बंद करा. पावती घ्या. संध्याकाळी पनवेलला घरी आले की तेवढंही नाही. आई होती तोवर दारातच विचारायची, आज किती गाड्या झाल्या. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी केबिन रंगवून घेतली. रंगाऱ्यांनी कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकवताना मागच्या सगळ्या वायरी उपटल्या. सकाळी येऊन बघते तर टेबलावर नुसता गुंता. मालकांना फोन केला.

"बघा जरा तुम्हीच, मी पुण्यात आहे," म्हणाले.

बाहेर सळ्यांनी भरलेला ट्रक काट्यावर येऊन उभा होता. कॉम्प्युटर इतका जुना, की मागे प्रत्येक वायरीचं भोक वेगळं. त्याच्या कडेला काटा बसवणाऱ्या माणसाचा नंबर चिकटवलेला होता. मी तो लावला.

"मी काम सोडला बाय," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "आता करंजाला घरी असतो. पन सांग, काय झाला?"

मी सांगितलं. त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग एकेक वायर हातात घ्यायला सांगितली. कीबोर्डची जांभळी पिन जांभळ्या भोकात, माउसची हिरवी हिरव्यात. निळी स्क्रीनची. सगळ्यात रुंद ती प्रिंटरची.

"आता नऊ पिनांचा हाय बग, तो काट्याचा. जोर नको लावू, पिना वाकतील."

कॉम्प्युटर सुरू झाला. डब्यावर वजन दिसत होतं, स्क्रीनवर मात्र शून्य. ड्रायव्हर खिडकीतून आत बघत होता.

"काका, शून्यच येतंय."

"तशी दोन भोका हायत. बंद कर, काढ आनि दुसऱ्यात घाल. मग बाजूचे दोन स्क्रू घट्ट कर."

या वेळी आकडा आला. पावती निघाली, ट्रक गेला. मी आभार मानून फोन ठेवणार, तर ते म्हणाले, "जेवलीस का?" सकाळचे साडेदहा वाजले होते. मी "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खुर्चीत नुसती बसून राहिले.

आठवड्याभरानं, एका रिकाम्या दुपारी, मी कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही स्क्रू सोडवले आणि ती केबल काढली. म्हणजे अगदीच खोटं होऊ नये. मग फोन लावला.

"काका, परत वजन येत नाही."

त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी "हो, हो" म्हणत गेले. मधेच ते थांबले.

"बाय, स्क्रू घट्ट केलेस ना त्या दिवशी?"

"केले होते."

"मग ती आपोआप कशी निंगल?"

केबल माझ्या हातातच होती. कानशिलं तापली.

"फोन करायचा तर तसाच कर," ते म्हणाले. "आमी घरीच असतो."

पुढच्या रविवारी मी तसाच केला. त्यांनी विचारलं, काटा बरा हाय ना. मी म्हटलं, बरा आहे. करंजा म्हणजे कोळ्यांचं गाव, म्हणून मी विचारलं, मासळी कशी आहे. ते म्हणाले, आता पावसाची बंदी हाय, होड्या बंद. वायरीबद्दल तासभर बोलू शकणारी दोन माणसं आम्ही, दोन मिनिटांत संपलो.

तरी मी महिन्याभरानं पुन्हा लावला. फोन त्यांच्या सुनेनं उचलला.

"कोण बोलताय?"

कोण, ते मला नीट सांगता आलं नाही. "काट्यावरून," म्हणाले.

"बाबांनी काम कधीच सोडलंय हो. आता दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. मी केला होता हे तिनं त्यांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांचा फोन आला नाही, आणि मीही पुन्हा लावला नाही.